फ्रेट करवत : एका छंदाचा इतिहास आणि हाताचे शिक्षण

तुळजापूरच्या भवानीची मूर्ती चल आहे. वर्षातून तीन वेळा ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवली जाते. यालाच देवीची मंचकी निद्रा म्हणतात. दसऱ्याला लागणारा पलंग दरवर्षी नवा येतो, पण तो तुळजापुरात बनत नाही. पुणे जिल्ह्यातील घोडेगावला तो तयार होतो आणि नगरमार्गे, वाटेतल्या गावांचे दर्शन घेत-देत तुळजापूरला पोचतो. पलंग घडवणे आणि तो वाहून नेणे हे मान ठरावीक घराण्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेत.

श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवून शिक्षकाच्या नजरेने या प्रथेकडे पाहावे. लाकूड कोणते घ्यायचे, सांधा कसा जुळवायचा, पाय किती जाड ठेवायचे, हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नाही. ते बापाच्या शेजारी बसून मुलाने उचलायचे असते. आपल्या खेड्यातील सुतार हा बलुतेदार. त्याची विद्याही अशीच घरात राहिली. या पद्धतीने उत्तम कारागीर घडले यात शंका नाही. मात्र तिची दुसरी बाजू अशी, की ज्याच्या घरात वाकस आणि करवत नाही त्याला ही विद्या मिळण्याची सोय नव्हती. आणि ज्याच्या घरात करवत होती त्याला पाटी-पेन्सिल मिळेलच याची खात्री नव्हती. हाताचे ज्ञान एका आळीत आणि अक्षराचे ज्ञान दुसऱ्या आळीत, अशी ही विभागणी होती.

मग ज्यांच्या घरात कोणी सुतार नाही अशा लाखो माणसांनी हौसेखातर लाकूड कापायला कधी आणि कसे सुरू केले? या प्रश्नाचे बरेचसे उत्तर एका अगदी लहान हत्याराच्या इतिहासात सापडते. ते हत्यार म्हणजे फ्रेट करवत : इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी लांब पोकळीची चौकट आणि तिच्या दोन टोकांत ताणून बसवलेले दोऱ्यासारखे बारीक पाते. हीच करवत यंत्रावर चढली की तिला स्क्रोल सॉ म्हणतात. पातळ लाकडातून वेलबुट्टी, जाळी, अक्षरे, प्राण्यांचे आकार कापण्यासाठी ती वापरतात. शाळेच्या हस्तव्यवसायाच्या तासाला अनेकांनी ती ‘फ्रेटवर्क’ या नावाने पाहिली असेल.

सुरीकडून पात्याकडे

निरनिराळ्या रंगांच्या लाकडांचे तुकडे जोडून चित्र तयार करण्याची कला पंधराव्या शतकात इटलीत भरभराटीस आली होती. उर्बिनो येथील राजवाड्यातील अभ्यासिकेच्या भिंती अशा लाकडी चित्रांनी मढवलेल्या आहेत. हे काम मुख्यतः सुरीने होई. परंतु सुरीला एक मर्यादा आहे. लाकूड हे लांब तंतूंचे बनलेले असते. सुरी तंतूंच्या दिशेने सहज सरकते, आडवी नेली तर अडते, आणि तिरपी नेली तर तंतूंच्या मागे वाहवत जाते. त्यामुळे बारीक वळण सुरीने कापणे फार कष्टाचे असते.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात बारीक पात्याची करवत प्रचारात आली. पातळ, लवचीक आणि तरीही चिवट पोलादी पट्टी बनवण्याचे तंत्र त्या सुमारास युरोपातील घड्याळजींच्या कामामुळे सुधारले होते. अशा पट्टीला बारीक दाते पाडले की करवतीचे पाते तयार झाले. एका धंद्यातील प्रगती दुसऱ्याच धंद्याला कशी उपयोगी पडते, याचे हे चांगले उदाहरण होय.

या पात्यामागे एक सुंदर भौतिक तत्त्व आहे. कागदाची लांब पट्टी दोन टोकांना धरून ओढा, ती सरळ राहते. तीच पट्टी टोकांकडून आत ढकला, ती लगेच वाकते. पोलादी पातेही असेच वागते. म्हणून ते चौकटीत ताणून बसवतात आणि हातकरवतीत दाते मुठीच्या दिशेला, म्हणजे खाली ठेवतात. करवत खाली ओढताना ती कापते, वर जाताना नुसती परतते. कापण्याचा जोर येतो तेव्हा पात्यावरील ताण वाढलेला असतो, कमी झालेला नसतो. दाते चुकून उलटे बसवले तर काय होते हे विद्यार्थ्यांना एकदा करून पाहू द्यावे. पाते वाकते, लाकडाचा तुकडा पाटीवरून वर उचलला जातो, आणि कारण न सांगताही समजते.

सतराव्या-अठराव्या शतकांत पॅरिसमधील आंद्रे शार्ल बूल (१६४२-१७३२) या कारागिराने ही करवत फार कल्पकतेने वापरली. पितळेचा पत्रा आणि कासवाच्या कवचाचा पत्रा एकावर एक ठेवून दोन्ही एकदमच कापायचे, ही पद्धत त्याने प्रसिद्धीस आणली. यामुळे पितळेचा वेल कवचातील पोकळीत नेमका बसतो आणि कवचाचा वेल पितळेतील पोकळीत. एका कापणीतून दोन चित्रे मिळतात, एक दुसऱ्याचे उलट. कापताना हात थोडा चुकला तरी दोन्ही तुकड्यांवर चूक सारखीच होते, म्हणून जोड बिघडत नाही. मोजमापाची अचूकता कमी असतानाही जुळणीची अचूकता कशी मिळवता येते, हे यातून शिकण्यासारखे आहे.

मुंबईची पेटी

बारीक करवतीचा आपल्याकडचा एक नातेवाईक म्हणजे सादेली काम. हे काम सुरतेत आणि पुढे एकोणिसाव्या शतकात मुंबईत चांगले चालत असे. पारशी कारागीर त्यात अग्रेसर होते आणि ही कला इराणातून आली असे परंपरेने मानले जाते. चंदन, शिसवी, रंगवलेले हस्तिदंत आणि कथील यांच्या त्रिकोणी किंवा चौकोनी काड्या सरसाने एकत्र बांधायच्या. या जुडग्याचे टोक पाहिले की चांदणीची नक्षी दिसते. मग बारीक करवतीने मुळ्याच्या चकत्या कापाव्यात तशा त्याच्या पातळ चकत्या कापायच्या आणि पेटीवर चिकटवायच्या. प्रत्येक चकतीवर तीच नक्षी येते. अशा पेट्या युरोपात ‘बॉम्बे बॉक्स’ या नावाने ओळखल्या जात. तेथेही ज्ञान घराण्यातच राहिले. पेटी परदेशी गेली. ती कशी करावी हे मात्र सहसा घराबाहेर गेले नाही.

जाळीकापाचे आणखी एक रूप आपल्या रोजच्या पाहण्यातले आहे. गिरगावातील खोताची वाडी किंवा माथेरानचे जुने बंगले पाहताना छपराच्या कडेला लोंबणारी लाकडी झालर आणि गॅलरीचे कापीव कठडे दिसतात. अरुंद पात्याच्या करवतीशिवाय हे काम कठीण होते.

नकाशाचे तुकडे

या करवतीचा शिक्षणाशी पहिला ठळक संबंध भूगोलामुळे आला. लंडनमधील जॉन स्पिल्सबरी हा नकाशे कोरणारा कारागीर. १७६० च्या दशकात त्याने छापील नकाशे पातळ लाकडी फळीवर चिकटवले आणि देशांच्या सीमांवरून ते बारीक करवतीने कापून विकायला ठेवले. मुलांनी तुकडे जुळवायचे आणि जुळवता जुळवता कोणत्या देशाला कोणता देश लागून आहे हे ध्यानात ठेवायचे. आज आपण ज्याला जिगसॉ पझल म्हणतो त्याचा उगम हा. जिगसॉ हे नाव मात्र शंभराहून अधिक वर्षांनी, यंत्रकरवत आल्यानंतर पडले.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. स्पिल्सबरीच्या खेळात मूल तुकडे जुळवत होते, कापत नव्हते. करवत अजून कारागिराच्याच हातात होती.

पायाने चालणारी करवत, टपालाने येणारे नमुने

ती सर्वसामान्यांच्या हाती आली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागल्या.

पहिली गोष्ट यंत्राची. शिवणयंत्र घरोघर पोचू लागले होते. पायाने पट्टी दाबायची, चाक फिरते आणि सुई खालीवर होते, ही रचना लोकांच्या परिचयाची झाली होती. सुईच्या जागी पाते बसवले की करवतयंत्र तयार होते. १८७० च्या दशकात अमेरिकेत अशी पायाने चालणारी करवतयंत्रे मोठ्या प्रमाणावर विकली जाऊ लागली. इलिनॉय राज्यातील रॉकफर्ड गावची डब्ल्यू. एफ. अँड जॉन बार्न्स ही कंपनी त्यासाठी प्रसिद्ध होती. दोन्ही हात लाकूड फिरवायला मोकळे राहिल्याने नवख्या माणसालाही नाजूक काम जमू लागले.

दुसरी गोष्ट लाकडाची. जाळीकामात बारीक पूल आणि अरुंद देठ राहतात. साध्या फळीत असा देठ तंतूंना आडवा आला की कट्‌कन मोडतो, कारण लाकूड तंतूंच्या दिशेने जितके मजबूत असते त्याच्या मानाने आडव्या दिशेने अनेक पटींनी दुबळे असते. आरंभी हौशी मंडळी सिगारच्या रिकाम्या खोक्यांचे पातळ लाकूड वापरत. पुढे प्लायवुड सहज मिळू लागले. त्यात लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असतात. एका थराचा दुबळेपणा शेजारचा थर भरून काढतो. फ्रेटवर्कची लोकप्रियता टिकून राहिली त्यात प्लायवुडचा वाटा मोठा आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे छापील नमुना. इंग्लंडमध्ये १८९५ साली ‘हॉबीज’ नावाचे साप्ताहिक सुरू झाले. नॉरफोक परगण्यातील डेरेहॅम येथे त्याच नावाच्या कंपनीचा कारखाना होता. तेथे करवती, पाती, लाकूड असे सर्व सामान मिळे. साप्ताहिकासोबत पूर्ण आकाराचा नमुना छापलेला कागद येई. तो लाकडावर चिकटवायचा आणि रेषेवरून कापायचे. कारकून, दुकानदार, शाळकरी मुले अशा लोकांनी घरच्या टेबलावर घड्याळाच्या चौकटी, चित्रांच्या कडा आणि पुस्तकांची मांडणी तयार केली.

यात नवे काय घडले? कारागिराचे ज्ञान दोन भागांत विभागले गेले. आकार कसा असावा हे ज्ञान कागदावर छापले गेले आणि टपालाने कोठेही जाऊ लागले. रेषेवरून कसे कापावे हे मात्र छापता येईना. ते प्रत्येकाला आपल्या हातानेच शिकावे लागले. घोडेगावच्या पलंगात हे दोन्ही भाग एकाच माणसाजवळ असतात. फ्रेटवर्कमध्ये ते वेगळे झाले, म्हणूनच ते जन्माने सुतार नसलेल्यांना खुले झाले.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर या छंदाला ओहोटी लागली. १९७० च्या दशकात जर्मनीतील हेल्मुट आबेल याने ‘हेग्नर’ नावाचे समांतर भुजांचे विजेवर चालणारे करवतयंत्र बाजारात आणले आणि छंद पुन्हा उभारीस आला. या यंत्रात वरची व खालची भुजा एकदम हलते, त्यामुळे पाते खालीवर होताना त्यावरील ताण जवळजवळ कायम राहतो. बारीक पाती तुटण्याचे प्रमाण त्यामुळे खूपच घटले.

शाळेच्या वेळापत्रकात

छंदाच्या बरोबरीने करवत शाळेतही शिरत होती. फिनलंडमध्ये ऊनो सिग्नेउस याच्या प्रयत्नाने १८६६ साली ग्रामीण शाळांत मुलांसाठी हस्तव्यवसाय सक्तीचा झाला. स्वीडनमध्ये ऑटो सालोमन (१८४९-१९०७) याने नेस येथे शिक्षकांना प्रशिक्षण देणारी संस्था चालवली. या पद्धतीला स्लॉइड म्हणत. सोप्याकडून कठिणाकडे जावे, वस्तू उपयोगी असावी, आणि मुख्य म्हणजे वस्तूपेक्षा ती करताना मुलात घडणारा बदल महत्त्वाचा मानावा, ही तिची सूत्रे. सालोमनचा आग्रह असा, की हे काम कारागिराने नव्हे तर शिक्षकाने शिकवावे.

आपल्याकडे सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८९० साली बडोद्यात कलाभवन स्थापन झाले. त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख. तेथे रंगकाम, विणकाम, सुतारकाम इत्यादी विषय देशी भाषेतून शिकवण्याचा प्रयत्न झाला. दादासाहेब फाळके काही काळ तेथील विद्यार्थी होते. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने मूलोद्योगाभोवती गुंफलेल्या शिक्षणाचा आराखडा दिला. सुतारकाम हा त्यातील एक मूलोद्योग होता. गांधीजींचे म्हणणे असे होते की हस्तोद्योग यांत्रिकपणे शिकवू नये. प्रत्येक क्रियेमागचे ‘का’ मुलाला कळले पाहिजे. स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य हे नाव सुचवले. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला आणि हाताने काम करत विज्ञान शिकण्याची पद्धत तेथे प्रत्यक्षात आणली.

हा सगळा इतिहास नावांच्या यादीसारखा वाटेल, पण त्यात एक धागा आहे. ज्या समाजात करवत धरणे ही विशिष्ट जातीची खूण होती, तेथे शाळेने सर्व मुलांच्या हाती करवत देणे ही साधी गोष्ट नव्हती. कारकुनाच्या मुलाने लाकूड कापावे आणि सुताराच्या मुलाने त्याच बाकावर बसून कोन मोजावा, ही कल्पना नवी होती. ती सर्वत्र यशस्वी झाली नाही. पुष्कळ ठिकाणी कार्यानुभवाचा तास गणिताला दिला गेला आणि वहीत गुण मात्र भरले गेले. असे होण्यामागे ‘हाताच्या कामात शिकण्यासारखे आहे तरी काय?’ हा न बोललेला प्रश्न होता. त्याचे उत्तर देणे विज्ञानाला आता शक्य झाले आहे.

हात नेमके काय शिकतो?

१९३२ साली ट्रोब्रिज आणि केसन या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. डोळे बांधून तीन इंच लांबीची रेषा पुन्हा पुन्हा काढायची. काहींना काहीच सांगितले नाही, काहींना फक्त ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ सांगितले, तर काहींना रेषा किती लांब वा किती आखूड झाली ते सांगितले. ज्यांना काहीच सांगितले नाही त्यांची सुधारणा झाली नाही. ‘चूक-बरोबर’ कळलेल्यांची झाली. चूक किती आणि कोणत्या बाजूला हे कळलेल्यांची सर्वांत जास्त झाली. नुसता सराव पुरत नाही, चुकीचे माप कळावे लागते, असा याचा अर्थ.

फ्रेट करवतीत हे माप आपोआप मिळते. पाते रेषेच्या उजवीकडे गेले की डावीकडे, अर्धा मिलिमीटर की एक, हे त्याच क्षणी दिसते आणि कायमचे लाकडावर नोंदले जाते. शिक्षकाने लाल शाईने खूण करण्याची वाट पाहावी लागत नाही.

नवशिक्याची वाटचाल साधारणतः तीन टप्प्यांनी होते. फिट्स आणि पोस्नर यांनी १९६७ साली कोणत्याही कौशल्याबाबत हे टप्पे मांडले. पहिल्या टप्प्यात प्रत्येक हालचाल विचारपूर्वक करावी लागते. शिकणारा करवतीलाच वळवू पाहतो, जोराने पुढे रेटतो, आणि पाते तुटते. दुसऱ्या टप्प्यात त्याला कळते की करवत एकाच जागी सरळ खालीवर राहिली पाहिजे आणि वळायचे ते लाकडाने. तिसऱ्या टप्प्यात हात आपोआप चालतो आणि नजर पात्यावर न राहता रेषेच्या पुढच्या भागावर जाते. सायकल शिकताना नजर पुढच्या चाकावरून रस्त्यावर जाते, तसेच हे आहे.

रेषेवरून जाण्याचाही एक नियम आहे. अरुंद वाटेतून न चुकता जाण्यास लागणारा वेळ हा वाटेची लांबी भागिले रुंदी या गुणोत्तराच्या प्रमाणात वाढतो, असे १९९७ मध्ये अॅको आणि झाय यांनी दाखवले. वाट निम्मी अरुंद केली की वेळ दुप्पट. हा प्रयोग वर्गात फक्त कागद, पेन्सिल आणि घड्याळ वापरून करता येतो. चार, दोन आणि एक मिलिमीटर अंतराच्या समांतर रेषा काढा आणि कडांना न शिवता मधून पेन्सिल न्यायला सांगा. आलेख जवळजवळ सरळ रेषेत येतो.

सुधारणा सुरुवातीला झपाट्याने होते आणि पुढे मंदावते, पण थांबत नाही. १९५९ साली क्रॉसमन यांनी सिगार बनवणाऱ्या कामगारांचा अभ्यास केला, तेव्हा लाखो सिगार बनवून झाल्यावरही त्यांचा वेग वाढत असल्याचे दिसले. तेव्हा महिनाभरात हात बसला नाही म्हणून ‘याला हे जमणार नाही’ असा शिक्का कोणावरही मारू नये.

हाताबरोबर बुद्धीलाही काम असते. पात्याची निवड पाहा. लाकडाच्या जाडीत एका वेळी निदान तीन दाते असावेत असा संकेत आहे. तीन मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडसाठी दात्यांमधील अंतर एक मिलिमीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे सेंटिमीटरला दहा दाते हवेत. पाते रुंद असेल तर सरळ रेषा चांगली येते, पण वळण जमत नाही. कापलेल्या चिरेत पात्याला मिळणारी मोकळीक तेवढीच असेल, तर पाते दुप्पट रुंद केल्यास घेता येणारे सर्वांत लहान वळण चौपट त्रिज्येचे होते. वर्तुळाची जीवा दुप्पट केली की तिच्या मध्यापासून कंसापर्यंतचे अंतर सुमारे चौपट होते, हे भूमितीने पडताळता येते. पात्याचा ताण योग्य आहे की नाही हे बोटाने छेडून, आवाजावरून ओळखतात. तंबोऱ्याच्या तारेचाच नियम येथे लागू पडतो. ताण चौपट केला तर स्वर एका सप्तकाने चढतो. काही पात्यांच्या दात्यांना, ती बनवताना, एका बाजूला बारीक कंगोरा राहतो. असे पाते रेषा सोडून एका बाजूला ओढ घेते, आणि लाकूड किंचित तिरके धरावे लागते. पात्याचा हा स्वभाव सवयीने कळतो; त्याचे कारण मात्र भिंगाखाली दिसते.

मखराची शाळा

‘हे सारे परदेशातले, आपल्याकडे हा छंद कोठे होता?’ असे कोणी विचारील. महाराष्ट्रात तो होता, फक्त लाकडात नव्हता. गणपतीच्या आधी कित्येक घरांत आणि मंडळांत थर्मोकोलचे मखर कापले जाई. चौकटीत ताणलेली नायक्रोमची तार विजेने तापवायची आणि कमानी, खांब, महिरपी कापायच्या. हत्याराची ठेवण फ्रेट करवतीचीच, दात्यांच्या जागी उष्णता. नमुना कागदावर काढायचा, तार स्थिर ठेवायची, फळी फिरवायची, कोपऱ्यावर थांबायचे नाही नाहीतर खड्डा पडतो, या सर्व गोष्टी मुले मोठ्या भावाकडून शिकली. या शिक्षणाला जातीचे बंधन नव्हते आणि गुणही नव्हते.

मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने प्लास्टिकबरोबर थर्मोकोलच्या वस्तूंवर बंदी घातली. थर्मोकोल कुजत नाही, नाल्यांत आणि तलावांत साठून राहते, तेव्हा हा निर्णय पर्यावरणाच्या दृष्टीने योग्यच होता. त्याची जागा पुठ्ठ्याने, कापडाने आणि लेसरने कापलेल्या एमडीएफच्या तयार मखरांनी घेतली. लेसरची चीर मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाइतकीच असते, वळणाला बंधन नसते आणि शंभरावी प्रत पहिलीसारखीच निघते. बूलने किंवा डेरेहॅमच्या कारखान्याने हे यंत्र आनंदाने घेतले असते.

लेसरला नाके मुरडण्याचे कारण नाही. पण इतिहासाच्या संदर्भात काय घडले ते समजून घ्यावे. छापील नमुन्याने आकाराचे ज्ञान हातापासून वेगळे केले होते. लेसरने कापण्याचे ज्ञानही हातापासून काढून घेतले. वस्तू हवी असेल तर यात तोटा नाही. शिकणे हवे असेल तर मात्र आहे, कारण यंत्राकडून झालेल्या कापणीत मुलाला स्वतःच्या चुकीचे माप मिळत नाही.

आपल्या शाळेसाठी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना, सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांबरोबर काम करण्याची तरतूद आहे. या दहा दिवसांसाठी स्पिल्सबरीची जुनी कल्पना धाराशिव जिल्ह्यातील शाळांना सहज वापरता येईल. जिल्ह्याचा नकाशा तीन-चार मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडवर चिकटवा आणि धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परांडा व वाशी हे आठ तालुके सीमांवरून कापा. आठ मुलांच्या गटाला प्रत्येकी एक तालुका येतो. शेजारच्या तालुक्याची सीमा दोघांची सामाईक असते. एकाची चूक दुसऱ्याच्याही तुकड्यावर उमटते, आणि तरीही दोन्ही तुकडे जुळतात. बूलचे तत्त्व मुलांना येथे प्रत्यक्ष भेटते.

त्याआधी चार दिवस नुसत्या सरावाचे ठेवावेत. पहिल्या दिवशी सरळ रेषा, दुसऱ्या दिवशी मोठे वळण, मग लहान वळण, शेवटी काटकोनाचा कोपरा. कोपऱ्यावर पुढचा दाब काढून करवत जागच्या जागी चालू ठेवायची आणि लाकूड हलकेच फिरवायचे. दर सेंटिमीटरला चीर रेषेपासून किती दूर गेली ते पट्टीने मोजून त्यांची सरासरी वहीत लिहावी. मुलांची एकमेकांशी तुलना करू नये. प्रत्येकाचा आलेख त्याच्या स्वतःच्या कालच्या कामाशी ताडून पाहावा. मधली भोके पाडण्यासाठी आधी गिरमिटाने छिद्र पाडून त्यातून पाते ओवावे लागते, ते काम शेवटी घ्यावे. डोळ्यांना चष्मा, नाकातोंडाला फडके आणि हवेशीर जागा हवी. बोटे पात्यासमोर कधीही नकोत. एमडीएफचा भुसा फार बारीक असतो आणि त्यात रासायनिक चिकट द्रव्ये असतात, म्हणून मुलांना तो देऊ नये.

आणखी एक गोष्ट अवश्य करावी. गावातील सुताराला वर्गात पाहुणा म्हणून नव्हे, तर शिक्षक म्हणून बोलवावे आणि त्याचे मानधन द्यावे. सालोमनने कारागिराला वर्गाबाहेर ठेवले. आपल्या परिस्थितीत ते बरोबर ठरणार नाही. तंतू कोणत्या दिशेने जातात हे सुतार फळीवर नुसता हात फिरवून सांगेल. ते तसे का असतात हे सांगायला विज्ञानाचे शिक्षक आहेत. दोघे एका टेबलापाशी उभे राहिले तर दोन आळींत वाटले गेलेले ज्ञान निदान दहा दिवस तरी मुलांना एकत्र दिसेल. त्यासाठी लागणारी सामग्री फार थोडी आहे : एक करवत, डझनभर पाती, टेबलाला आवळलेली व्ही आकाराच्या खाचेची पाटी आणि प्लायवुडचा एक तुकडा.